‘निम्मी शाळा ॲडिक्ट’ असं पालकसभेत सांगायच्या आधी

सर, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण पालकसभा शनिवारी आहे म्हणताय. थोडक्यात तुमचं असं आहे की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं मराठी माध्यमाचं हायस्कूल, आठवी ते दहावीच्या पोरांकडून तुम्ही व्हॉट्सॲपवर आलेला वीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, बेरीज केली तर निम्म्याहून जास्त पोरं ‘ॲडिक्ट’ निघाली, आता हा आकडा पालकांपुढे ठेवू का, आणि नको असेल तर सोशल मीडियाचं व्यसन मोजायची बरोबर पद्धत कोणती.

आकडा ठेवू नका. नावं तर अजिबातच नको. मी बेळगावात शाळकरी पोरांबरोबर समुपदेशनाचं काम सतरा वर्षं करतेय आणि सुरुवातीच्या काळात एका शाळेत मी असाच सर्व्हे करून यादी ऑफिसात दिली होती, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती नावं सगळ्यांपुढे वाचली गेली. नववीतल्या एका मुलाला वर्गातली पोरं त्या दिवसापासून ‘ॲडिक्ट’ म्हणूनच हाक मारायला लागली, तो पंधरा दिवस शाळेला आला नाही आणि पुढे माझ्याशी कधी एक शब्द बोलला नाही. यादी वाचणारा दुसरा होता पण ती माझ्या हातानं तयार झाली होती, हे मी आजही विसरलेले नाही. म्हणून जरा लांबण लावून सांगते, वाचायला वेळ काढा.

आधी तुमचा फॉर्म. तुम्ही फोटो पाठवलाय त्यातले प्रश्न किंबर्ली यंग यांच्या १९९८च्या इंटरनेट ॲडिक्शन टेस्टवरून उचललेले दिसतायत, तिच्यात वीसच प्रश्न आहेत. तेव्हा इंटरनेट म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर, म्हणून त्यात ‘दुसरं काम करायच्या आधी ईमेल बघता का’ असला प्रश्न आहे, जोडीदाराबरोबरच्या जवळिकीपेक्षा इंटरनेट बरं वाटतं का असाही आहे. आता नववीतल्या पोरानं याचं काय उत्तर द्यायचं? ते बिचारं अंदाजानं मधला आकडा मारतं, आणि वीस प्रश्नांत मधले आकडे मारत गेलं की बेरीज आपोआप वर जाते. तुमची निम्मी पोरं तिथंच ॲडिक्ट झाली असतील.

एका आकड्याशी तुलना करून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०२४ मध्ये जो अहवाल दिला त्यात ४४ देशांतली ११, १३ आणि १५ वर्षांची जवळजवळ २ लाख ८० हजार पोरं होती, त्यांच्यात सोशल मीडियाचा त्रासदायक वापर २०२२ साली ११ टक्क्यांना निघाला, २०१८ मध्ये तो ७ टक्के होता. मुलींमध्ये १३, मुलांमध्ये ९. वाढ काळजीची आहेच. पण ज्या देशांत पोराच्या हातात स्वतःचा फोन आणि घरात वायफाय, तिथं ११, आणि तुमच्या तालुक्यात जांबोटीकडं पावसात चार-चार दिवस नेटवर्क गायब असतं तिथं निम्मी शाळा? असं आलं की पोरांवर नको, आधी फॉर्मवर संशय घ्यायचा.

आता आम्ही लोक काय वापरतो ते. जगभर सगळ्यात जास्त चालते ती नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठातली पट्टी, म्हणजे मोजायची प्रश्नावली. सेसिली अँड्रियासन आणि सहकाऱ्यांनी ती २०१२ मध्ये आधी फेसबुकपुरती केली आणि २०१६ मध्ये सगळ्या सोशल मीडियासाठी. फक्त सहा प्रश्न. ते सहा आले मार्क ग्रिफिथ्स यांच्या २००५च्या मांडणीवरून, त्यांचं म्हणणं असं की दारू असो, जुगार असो की अजून काही, व्यसन म्हणायला सहा गोष्टी दिसायला पाहिजेत. डोक्यात सारखं तेच घोळणं, मूड बदलायला तेच लागणं, दिवसेंदिवस जास्तच लागणं, मिळालं नाही की जीव कासावीस होणं, त्यापायी घरात शाळेत खटके उडणं, आणि कमी करायचं ठरवून परत तिथंच येणं. प्रत्येक प्रश्नाला गेल्या एका वर्षात हे किती वेळा झालं त्याप्रमाणे १ ते ५ गुण, म्हणजे बेरीज कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ३०.

दुसरी नेदरलँड्सची, खास पोरांसाठी केलेली, तीही २०१६चीच. तिच्यात नऊ प्रश्न, नुसतं हो किंवा नाही, पाच किंवा जास्त ‘हो’ आले तर त्रासदायक वापर. वरचा युरोपचा ११ टक्के याच नऊ प्रश्नांवरचा, फक्त तिथं सहा किंवा जास्त ‘हो’ धरले होते. मला ही शाळेसाठी बरी वाटते कारण हो-नाही पोरांना सोपं जातं, आणि तिच्यात आईवडिलांशी खोटं बोलणं, छंद सुटणं, भावंडांशी भांडण असल्या डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टी आहेत.

मग रेघ कुठं मारायची, म्हणजे किती गुणांपासून पोर धोक्यात म्हणायचं? हा प्रश्न मला प्रत्येक शाळेत येतो. बर्गेन पट्टीवर हंगेरीतल्या जवळजवळ सहा हजार पोरांच्या अभ्यासात २०१७ मध्ये १९ला रेघ मारली आणि साडेचार टक्के पोरं धोक्याच्या गटात आली. चीनमधल्या एका अभ्यासात तीच रेघ २४ला गेली. प्रश्न तेच, बेरीज तीच, आणि २१ गुणांचं पोर एका देशात धोक्यात तर दुसऱ्या देशात ठीक. मग ते पोर बेळगावातल्या वडगावचं असेल तर आपण काय म्हणायचं? हंगेरीची रेघ आपल्या पोरांवर ओढायला काही आधार नाही, म्हणून मी शाळेत रेघच मारत नाही. बेरजेचा उपयोग एवढाच की आधी कुणाशी बोलायचं ते ठरतं.

आणि एक गोष्ट स्पष्ट असू दे, ‘सोशल मीडिया ॲडिक्शन’ हा आजार म्हणून अजून कुठल्याच अधिकृत यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जी यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, आयसीडी-११, त्यात गेमिंग डिसऑर्डर आहे, सोशल मीडियाचा नाही. अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या २०१३च्या डीएसएम-५ मध्ये सुद्धा इंटरनेट गेमिंग तेवढं आहे, ते पण आणखी अभ्यास हवा या भागात. मग मानसोपचारतज्ज्ञ सुद्धा जो शिक्का मारायला विचार करतो तो शाळेच्या फॉर्मनं कसा मारायचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं, भाषा. इथं मी सगळ्यात जास्त अडखळले.

आपल्याकडं ‘व्यसन’ म्हटलं की दारू, गुटखा, मटका. निपाणीकडं तर तंबाखूच. ज्या घरात बापाची दारू आहे त्या घरातलं पोर ‘मला व्यसन आहे’ या वाक्यापुढं कधीच हो लिहिणार नाही, मेलं तरी नाही. याउलट ‘नाद’ लिहिलं तर उलटंच होतं. नाद लागलाय हे आपल्यात कौतुकानं पण म्हणतात, नाद खुळा म्हणतात, म्हणून पोरं हसत हसत हो हो करतात आणि सगळा वर्ग ॲडिक्ट. कन्नडमध्ये ‘चट’ म्हणतात, त्यालाही वाईट सवयीचा वास आहे, म्हणजे कन्नड माध्यमाच्या पोरांना तो शब्द दिला की ती सावध होतात. एकाच गल्लीतली तीन पोरं, एक मराठी शाळेत, एक कन्नड, एक इंग्लिश मीडियम, त्यांना एकाच गोष्टीचे तीन शब्द दिले की तीन वेगळे आकडे येणार. म्हणून फॉर्मवर व्यसन, नाद, ॲडिक्शन यातला एकही शब्द नको, वरती नुसतं ‘मोबाईल आणि मी’ असं लिहा.

तसाच ‘अस्वस्थ’. बर्गेनच्या पाचव्या प्रश्नाचं मी पहिल्यांदा भाषांतर केलं ते ‘सोशल मीडिया वापरण्यास मनाई केल्यास आपण अस्वस्थ होता का’. आठवीतल्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, मॅडम अस्वस्थ म्हणजे आजारी काय? मी वर्गात विचारलं तर निम्म्या पोरांना तसंच वाटत होतं. मग पोरांनाच विचारलं की फोन काढून घेतला की काय होतं, तर उत्तरं आली: चिडचिड होते, काय सुचत नाही, सारखं दाराकडं बघत बसतो बाबा कधी येतील म्हणून. आता माझा प्रश्न असा आहे: ‘फोन मिळाला नाही की चिडचिड होते, दुसरं काही सुचत नाही, असं होतं का?’ सहाच्या सहा प्रश्न असे पोरांच्या तोंडून काढून घेतले, मग दुसऱ्या एका शिक्षिकेकडून परत इंग्लिशमध्ये करून घेतले आणि मूळ प्रश्नाशी लावून बघितले. एवढी मेहनत वीस मिनिटांच्या फॉर्मला कशाला असं वाटेल, पण ही केली नाही तर तुम्ही पोराचा मोबाईल मोजत नाही, त्याचं मराठी मोजता.

‘सोशल मीडिया’ हा शब्द पण बघा. कितीतरी पोरांना तो म्हणजे फक्त फेसबुक वाटतो आणि फेसबुक तर काका लोकांचं. यूट्यूब शॉर्ट्स त्यांच्या मते टीव्हीसारखं, व्हॉट्सॲप म्हणजे फोन. म्हणून नावं लिहा, इन्स्टा, स्नॅप, यूट्यूब, व्हॉट्सॲप स्टेटस, आणि फ्री फायरसारखे गेम वेगळ्या ओळीत विचारा, नाहीतर गेमवालं पोर यात येतं आणि दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

‘गेल्या एका वर्षात’ हे पोरांना कळत नाही. मी ‘गेल्या गणपतीपासून आतापर्यंत’ असं विचारते, सगळ्यांना गणपती आठवतो. ‘क्वचित, कधीकधी, वारंवार’ याच्याऐवजी महिन्यातून एखाद्या वेळी, आठवड्यातून एक-दोनदा, जवळजवळ रोज, असं द्या. आणि कधी मोजताय ते पण लिहून ठेवा, मे महिन्याच्या सुट्टीतलं मोजमाप आणि दहावीच्या परीक्षेआधीचं मोजमाप एकमेकांशी लावता येत नाही.

तुम्ही विचारलंय की प्रश्न कशाला, सरळ स्क्रीन टाइम बघितला तर? छान वाटतं ऐकायला. पोरानं सांगितलेले तास तर सोडूनच द्या. २०२१ मध्ये असे खूप सारे अभ्यास एकत्र करून बघितले, लोकांनी सांगितलेला वापर आणि फोननं नोंदवलेला वापर, तर दोन्हींचा मेळ बेताचाच निघाला, आणि व्यसनाच्या प्रश्नावलीचे गुण आणि फोनवरचे खरे तास यांचा मेळ तर त्याहूनही कमी. म्हणजे तास आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत २०२५ मध्ये चार हजारांवर पोरांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आला त्यातही तेच, आत्महत्येच्या विचारांशी नातं सापडलं ते सुटत नाही अशा वापराचं, नुसत्या एकूण तासांचं नाही.

माझ्याकडच्या दोन पोरांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. वडगावातली नववीतली मुलगी, घरात माग, आईवडील दोघं साडीच्या कामावर, फोन घरात एकच आणि तो मोठ्या भावाचा. फोनमध्ये स्क्रीन टाइम रोजचा सहा तास, वर्गशिक्षिकेनं तो बघून तिला माझ्याकडं पाठवलं. मी तिच्याशेजारी बसून ॲपप्रमाणे बघितलं तर त्यात भावाचं क्रिकेट, वडिलांची भजनं, आणि हिचं इन्स्टा रात्री आठ ते पावणेनऊ, आई भाकऱ्या करते तेवढा वेळ. पंचेचाळीस मिनिटं! पण बर्गेनवर तिचे गुण २० आले. का, तर पहिल्या प्रश्नाला, सारखं डोक्यात असण्याच्या, पाच आणि दुसऱ्याला, जास्त जास्त लागण्याच्या, पाच. दिवसभर तिच्या डोक्यात तेच की आज फोन मिळेल का, मिळाला तर आधी काय बघू. ज्याला पोटभर मिळत नाही तो जेवणाचाच विचार करणार ना सर. तिला मी ॲडिक्ट म्हणणार नाही.

दुसरा शहापूरचा मुलगा, पीयूसी पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आठवड्यात रोज पाच-सहा तास फोनवर, गल्लीच्या मंडळाचे व्हिडिओ कापायचा, जोडायचा, टाकायचा. आई रडत आली होती. गुण ११. झोप नीट, कॉलेज नीट, मिरवणूक संपल्यावर तास आपोआप खाली आले. मी आईला सांगितलं की याला व्हिडिओ एडिटिंग शिकवा.

म्हणून सहा प्रश्नांना सारखं वजन द्यायला मी तयार नसते. २००७ मध्ये चार्ल्टन आणि डॅनफर्थ यांनी ऑनलाइन गेमवाल्यांवर हेच दाखवलं होतं की सारखं डोक्यात असणं आणि जास्त जास्त लागणं हे नुसत्या आवडीनं पण होतं, व्यसनाचा गाभा म्हणजे खटके, कासाविशी, आणि सोडायचं ठरवून न सुटणं. तुमच्या फॉर्ममध्ये सुद्धा हे तीन बघा, बाकीची बेरीज बाजूला ठेवा. आणि तरीही खात्री वाटत नसेल तर हे ऐका: इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशाच प्रश्नावलीत सोशल मीडियाच्या जागी ‘मित्रांना प्रत्यक्ष भेटणं’ घातलं आणि ८०७ लोकांना दिली, तर ६९ टक्के लोक मित्रांचे ॲडिक्ट निघाले! कपिलेश्वराच्या कट्ट्यावर आपण तो फॉर्म वाटला तर काय निघेल सांगा. प्रश्नांची रचनाच अशी असते की माणसाला प्रिय असलेली कुठलीही गोष्ट त्यात अडकते.

गणिताचे शिक्षक आहात म्हणून एक हिशोब घालते, आकडे समजा म्हणून धरलेत. शाळेत ५०० पोरं, त्यातली खरोखर अडकलेली ५ टक्के म्हणजे २५. फॉर्म चांगला आहे, खऱ्या शंभरातले ८० पकडतो, आणि ज्यांना काही नाही त्यातल्या १० टक्क्यांनाच चुकून लावतो. तर २५ मधली २० सापडतील, आणि ४७५ मधली ४७-४८ उगाच सापडतील. म्हणजे तुमच्या यादीत ६८ नावं, त्यात खरी २०. चांगला फॉर्म असून यादीतली दर तीनातली दोन नावं चुकीची, आणि तुमचा फॉर्म तर ईमेलचा. आता ही यादी पालकांपुढे वाचायची कल्पना करा.

यादीतल्या प्रत्येकाशी बोलायलाच लागतं याचं अजून एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात जवळचं आहे. दहावीतली मुलगी, गुण २६, मी बघितलेल्या सगळ्यात जास्त गुणांपैकी. डोक्यात सारखा फोन, रात्री तीन-तीनदा उठून बघायची, काढून घेतला तर थरथरायची, कमी करायला जमत नाही असं स्वतःच लिहिलेलं. कागदावर याच्याहून पक्की केस नाही. समोर बसवली.

काल रात्री फोन कधी ठेवलास? म्हणाली अकराला. कुठं ठेवलास? उशीखाली. मग परत कधी घेतलास? गप्प. मी पण गप्प बसले, चांगली पाच मिनिटं, बाहेर बस कंडक्टर ओरडत होता ते ऐकत. मग म्हणाली, मॅडम बघायला लागतंय, ते परत टाकलंय काय ते. कुणीतरी तिचा फोटो घेऊन खोटं अकाउंट काढलं होतं आणि त्यावरून तिच्या मैत्रिणींना घाणेरडे मेसेज जात होते. ती दर तासाला बघत होती की आज नवीन काय आलं. व्यसनाचं एकही कारण तिथं नव्हतं, होती ती भीती. घरच्यांनी फोन काढून घेतला असता तर ती अंधारात राहिली असती आणि ते चालूच राहिलं असतं. आम्ही स्क्रीनशॉट काढून ठेवले, आईला विश्वासात घेतलं, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, अकाउंट बंद झालं, आणि तीन आठवड्यांनी तीच प्रश्नावली तिनं परत भरली तर गुण १२. कुठल्याही पट्टीत ‘तुला कुणी त्रास देतंय का’ हा प्रश्न नाही. तुम्ही तो शेवटी स्वतःहून घाला, हात जोडून सांगते, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फॉर्मच्या तळाला छापा.

तर आता करायचं कसं. निनावी भरून घेतलं तर पोरं खरं लिहितात पण मग मदत कुणाला करायची ते कळत नाही, नावानं घेतलं तर खोटं लिहितात. मी कोड वापरते. प्रत्येक पोराला एक आकडा, आकडा आणि नावाची वही फक्त एका माणसाकडं, शक्यतो जो त्या वर्गाला शिकवत नाही आणि मार्क देत नाही अशाकडं. पोरांना आधीच सांगायचं की वही कुणाकडं आहे आणि कशासाठी उघडली जाईल, खोटा भरवसा द्यायचा नाही. बाकावर एक सोडून एक बसवा, कारण आठवीतली पोरं शेजाऱ्याचं बघून लिहितात. पालकांची लेखी संमती घ्या. कन्नड वाचायला सोपं जाणाऱ्या पोराला कन्नड प्रत द्या, तुमच्याकडं जवळच्या कन्नड शाळेतले कोणी शिक्षक तपासून देतील. वेळ पहिल्या दोन तासांतली ठेवा.

प्रश्नावलीबरोबर कालच्या दिवसाबद्दल चार साधे प्रश्न घाला, सरासरी नको, काल. काल रात्री फोन कितीला ठेवलास, फोन कुठं होता, रात्री उठून बघितलास का, आज सकाळी कितीला उठलास. मला विचाराल तर या चार प्रश्नांतून मला जेवढं कळतं तेवढं बेरजेतून कळत नाही, कारण पोर स्वतःच्या मनाबद्दल चुकतं, पण काल काय केलं ते त्याला आठवतं. २०१२च्या त्या बर्गेनच्या अभ्यासात सुद्धा जास्त गुणवाले उशिरा झोपणारे आणि उशिरा उठणारे निघाले होते. आणि तुमच्याकडं एक मोजमाप आहे जे माझ्याकडं नाही: पहिल्या तासाला कोण पेंगतं, मैदानावर यायचं कुणी बंद केलं, गेल्या सहामाहीपेक्षा कुणाचे मार्क घसरले, ते तुम्हाला तोंडपाठ असतं. ते लिहून काढा आणि प्रश्नावलीशी लावा. दोन्हीकडं जे पोर दिसतं त्याच्याशी आधी बोला.

ज्यांचे गुण कमी आले त्यांना पण विसरू नका. कणकुंबीकडच्या एका मुलानं सगळ्याला १ मारलं होतं, गुण ६, आणि आई सांगत होती की नेटवर्क मिळावं म्हणून पोर रात्री टेकाडावर जाऊन बसतं, एकदा पावसात गेलं. सगळ्याला १ किंवा सगळ्याला ५ असा कागद दिसला की तो वाचलेलाच नाही किंवा घाबरून भरलाय असं समजा.

परत मोजायचं असेल तर तीन महिन्यांनी मोजा, आणि एक लक्षात ठेवा की पहिल्यांदा ज्यांचे गुण खूप वर होते ते दुसऱ्यांदा काहीही न करता थोडे खाली येतातच, ते मोजमापाचं अंगच आहे. ‘मोबाईलमुक्त सप्ताह’ घेतला आणि वरच्या वीस पोरांचे गुण उतरले म्हणून सप्ताहाला यश आलं असं म्हणता येत नाही. सगळ्या वर्गाचं परत मोजा, आणि ज्या तुकडीत सप्ताह घेतला नाही तिचंही मोजा, मग बोलू.

कुणाच्या बोलण्यात मरायचं, स्वतःला इजा करायचं असं आलं तर प्रश्नावली बाजूला ठेवा, त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि बेळगावच्या बिम्स या सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडीत न्या, तोपर्यंत १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात. शाळा सुटलीय, रात्रभर जाग, घरात मारहाणीपर्यंत गेलंय अशा पोराला धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं रुग्णालय जवळ पडतं. बेंगळूरला निमहान्सची शट क्लिनिक २०१४ पासून खास याच कामाला आहे, पण तिथवर जायची वेळ फार थोड्यांना येते.

शनिवारच्या सभेसाठी माझ्या मते एवढंच करा. जुने फॉर्म मोजणीतून काढून टाका, पण जाळू नका, सील करून ठेवा. पालकांना सांगा की आम्ही एक प्रयत्न केला, प्रश्न आपल्या पोरांना बसणारे नव्हते, नीट परत करणार आहोत, संमतीचा कागद घेऊन जा. आणि त्यांना एकच काम द्या, आठवडाभर घरातले सगळे फोन, आईबाबांचे पण, रात्री दहाला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवायचे आणि कोणत्या रात्री कुणी भांडलं तेवढं कॅलेंडरवर लिहायचं. ते कॅलेंडर पुढच्या वेळी घेऊन या म्हणावं. आमच्या गल्लीत हे केलं तेव्हा सगळ्यात जास्त खुणा वडिलांच्या नावावर होत्या, म्हणून पोरांचं आधी लिहू नका, सगळ्यांचं लिहा.

माझे पोरांच्या भाषेतले सहा प्रश्न, नेदरलँड्सच्या नऊ प्रश्नांचं मराठी आणि ते ‘काल रात्री’चे चार प्रश्न एका पानावर करून उद्या संध्याकाळपर्यंत तुम्हाला पाठवते. आठवीच्या पाच-सहा पोरांकडून आधी मोठ्यानं वाचून घ्या, जिथं अडखळतील तो शब्द मला कळवा, तो बदलू आणि मगच छापायला टाका.